दोन रुपयांचा आक्षेप

लोखंडी कपाटाचं हँडल करकरलं आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई जाग्या झाल्या.

"पासपोर्ट कशाला काढतेस सकाळी सकाळी?"

"मत द्यायला. बाहेरदेशी राहणाऱ्यांना तोच दाखवावा लागतो."

"आणि तेही माहेरी! दीड वर्षानं चार दिवस आलीस. लेकीजवळ बसशील म्हटलं, तर ही निघाली मत द्यायला."

"तिलाही नेतेय," हर्षाली म्हणाली आणि झोपाळू आरोहीला फ्रॉक चढवू लागली.

हर्षाली मस्कतला नर्स होती. आरोही इथे नाशकातल्या अंबडला आजीपाशी वाढत होती. पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर चांदवडजवळच्या गावाचा पत्ता, म्हणून मतही तिथलंच. परदेशातून मत पाठवायची सोय नाही; द्यायचं तर स्वतः यायचं. एरवी तिच्या मनातही आलं नसतं. पण उन्हाळ्यात आईच्या गल्लीतला नळ कोरडा पडला, तेव्हा तिनं मस्कतहून खंडेरावकाकांना फोन लावला. काका म्हणजे तिच्या वडिलांचे, रंगनाथांचे, चुलतभाऊ, गावातले पुढारी. ते हसले होते. "पोरी, तुझं इथं मत तरी हाय का?"

त्याच आठवड्यात तिनं परदेशी मतदार म्हणून नाव नोंदवलं.

शाळेतल्या केंद्रावर काका उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून बसलेलेच होते. आरोहीचा हात धरून हर्षालीची आई रांगेत, अगदी दारापाशी थांबली. हर्षाली आत गेली तसे काका उठलेच.

"मॅडम, हिला देऊ नका मत. ही दिली नाशकात, ऱ्हाते मस्कतला. गावाशी हिचा काय संबंध?"

केंद्राध्यक्ष मॅडमनी यादीचं शेवटचं पान काढलं. परदेशी मतदारांत अख्ख्या गावातून एकच नाव होतं. त्यांनी पासपोर्टवरचा फोटो पाहिला, मग चेहरा पाहिला.

"नाव आहे. राहते कुठे, यावर इथे हरकत घेता येत नाही. ही ती बाईच नाही, असं तुमचं म्हणणं असेल तर दोन रुपये भरा आणि तसं सांगा."

हर्षाली सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सांगा काका. ओळखत नाही म्हणा."

काकांनी खिसा चाचपला. नाणं काढलं. टेबलाकडे बघत पुटपुटले, "नाय ओळखत."

"खंडूभाऊ!" दारातून आईचा आवाज आला. "हिच्या लग्नात अंतरपाट धरून हुबे व्हते तुम्ही. तवा पलीकडं कोण व्हती, शेजारीण?"

रांगेत हशा पिकला. "काका, चष्मा बदला आता!" मागून कुणीतरी ओरडलं.

"शांत राहा," मॅडम म्हणाल्या. "भरताय का दोन रुपये?"

काकांनी नाणं परत खिशात टाकलं. "ऱ्हाऊ द्या."

"राहू कसं द्यायचं?" हर्षाली जागची हलली नाही. "आता ओळखता का, तेवढं सांगा. सगळ्यांसमोर."

काकांची मान खाली गेली.

"रंगनाथची पोर हाय," ते म्हणाले. "जा, म्होरं हो."

तिच्या बोटाला शाई लागली. आडोशाआड जाऊन तिनं बटण दाबलं, तेव्हा तो लांबलचक आवाज बाहेर रांगेपर्यंत ऐकू गेला.

अंगणात आरोही धावत आली. हर्षालीचं बोट हातात धरून शाईवर फुंकर घालू लागली.

"आई, तिकडच्यांनी तुला मतदानाला सुट्टी दिली?"

"देत नव्हते. भांडून घेतली," हर्षाली हसली. अजून तिचे गाल तापलेले होते.

आरोही फुंकर घालायची थांबली.

"मग मला डेंग्यू झालेला, तेव्हा का नाही भांडलीस?"