फोटोतला नितळ गाल

दुपारी डॉक्टरीणबाईंनी थोरल्या नणंदेच्या नाकापासून ओठाकडे उतरणाऱ्या घडीत सुरकुती बुजवणारा फिलर सुईनं भरला, तेव्हा सगळं सुरळीत पार पडलं होतं. दिवेलागणीला नणंदेचा फोन आला.

"अगं, गाल ठणकतोय. बर्फ धरून बसलेय."

"बर्फ आधी बाजूला ठेवा, ताई. आणि फोटो पाठवा."

फोटो आला. गाल लोण्यासारखा, ना डाग ना वळ. डॉक्टरीणबाईंचा जीव भांड्यात पडला. 'काळजी नको' एवढं लिहूनही झालं, पण पाठवताना बोट अडलं. ठणका वाढतोय आणि सुईची खूणसुद्धा नाही? त्यांनी फोटो मोठा केला. नणंदेच्या ओठाच्या वर कांजिण्यांचा एक खड्डा होता, लग्नापासून त्या तो बघत आल्या होत्या. फोटोत तो नव्हताच.

त्यांनी घाईघाईनं फोन लावला. "ताई, फोटो कसा काढलात?"

"नेहमीसारखा. चेहरा आपोआप गुळगुळीत करतो ना, तो कॅमेरा. मग काय, तुला भूत पाठवू?"

"आहात तशा निघा. मी दवाखान्यातच आहे. डोळ्यांना नीट दिसतंय ना?"

"दिसतंय की. आणि तुझा आवाज कापतोय, तेही ऐकू येतंय."

नणंद आल्याबरोबर डॉक्टरीणबाईंनी तिला दिव्याखाली बसवलं. नाकपुडीपासून ओठापर्यंत कातडी पांढरी पडली होती, कडेनं जांभळट जाळी. बोटानं दाबून सोडलं, तर रंग परतायला तयार नव्हता.

"फिलरनं रक्ताची वाट अडवलीय, ताई. तो विरघळवायला हवा, आत्ताच. नाहीतर इथली कातडी मरेल."

"मरेल म्हणजे?"

"काळी पडेल. व्रण राहील."

नणंदेचं तोंड एवढंसं झालं. "वहिनी, तू म्हणाली होतीस, काही होत नाही."

"क्वचित होतं म्हणाले होते. तुम्ही अर्धंच ऐकलंत." हे बोलताना त्यांना स्वतःचाच राग आला. घरचं माणूस म्हणून आपणही ते ओझरतंच सांगितलं होतं.

त्यांनी फिलर विरघळवणारं औषध सगळ्या पांढऱ्या भागात भरलं, हलकेच चोळलं, उबदार कापड ठेवलं. बोट दाबलं. काही नाही. थांबल्या. पुन्हा औषध, पुन्हा चोळणं.

"माझ्या भावाला कळवलंस?"

"आधी गाल, मग भाऊ."

"हे मात्र बरोबर बोललीस."

तेवढ्यात ओठाजवळ बोट उचललं आणि त्याखाली गुलाबी रंग सरसरत आला. डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला. पण नाकपुडीच्या कोपऱ्यातला एक ठिपका तसाच फिकट होता. त्यांनी पुन्हा सुई भरली.

"अजून?"

"अजून. तो कोपरा मला सोडायचा नाहीये."

नणंदेनं स्वतःच मान वळवून गाल पुढे केला.