छत्तीस चिपांची थप्पी

आलापल्लीच्या लाकूड डेपोत लिलावाचा माल रचून देवराव उंदीरवाड्यांचं अर्धं आयुष्य गेलं, पण स्वतः बोली त्यांनी एकदाच लावली. तीही लाकडावर नाही, कॉम्प्युटरवर.

चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, एका कंपनीनं जुनं सामान लिलावात काढलं होतं. हात तुटलेल्या खुर्च्या, पाती वाकलेले पंखे आणि त्यांच्यात, चुकून पंगतीत येऊन बसलेल्या साहेबासारखा, हा कॉम्प्युटर. दुसरी बोली एका भंगारवाल्याची होती. त्याला नुसता पत्रा हवा होता. देवरावांनी हात वर केला आणि तो खाली घेईपर्यंत कॉम्प्युटर त्यांचा झाला होता.

तो स्टँडवरून बैलगाडीतून घरी आला तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली. मशीन सुरू केलं तेव्हा डेपोचा चौकीदार सोमाजी सगळ्यांत पुढे.

"भाऊ, टीव्ही आणला म्हणता, अन् ह्याच्यात तं नुसते हिरवे अक्षरं दिसतेत. बाया कुठी आहेत?"

"टीव्ही नाई हा, सोमाजी. हिशेबाची मशीन हाय. डेपोच्या कामासाठी घेतली."

हे खोटं होतं. डेपोचं काम खडू आणि वहीवर झकास चाललं होतं.

खरं कारण एका पोस्टकार्डात होतं. बायकोला, नीलाबाईंना, जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी सत्यशीला नागपूरला कॉम्प्युटर शिकत होती आणि लेडीज होस्टेलवर राहत होती. पहिल्या वर्षी दिवाळीला आली, उन्हाळ्यात आली. मग नुसती दिवाळीला, तीही तीन दिवस. गेल्या मार्चमध्ये तिनं लिहिलं होतं, 'बाबा, सुटीत प्रोजेक्ट आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर असता तर महिनाभर आले असते.' पोरीबाळी असं वाक्य कार्डावर उरलेली जागा भरायला लिहितात. देवरावांनी ते सरकारी आदेशासारखं वाचलं आणि अंमलबजावणीला लागले.

मशीन घरात आल्यावर त्यांनी अगदी सहज कळवल्यासारखं कळवलं, 'डेपोच्या कामाला एक कॉम्प्युटर घेतला आहे. तुझ्या कामी पडत असल्यास सांग.' आठ दिवसांत उत्तर आलं. पोस्टकार्ड नाही, चांगलं चार पानांचं पाकीट. पोरगी एवढं कधी लिहीत नसे. पण चारही पानं मशीनबद्दल होती. मेमरी किती आहे? दोनशे छप्पन्न असेल तर पुरणार नाही, सहाशे चाळीस लागेल. पडद्याचं कार्ड कोणतं? नुसती अक्षरं दाखवणारं असेल तर ते बदलावं लागेल, कारण तिचं प्रोजेक्ट पावसाच्या आकड्यांचे आलेख काढण्याचं होतं आणि आलेख म्हणजे चित्र. चित्राला ग्राफिक्स कार्ड हवं. शेवटी एक ओळ होती. 'हे जमलं तर मी मे महिना तिथेच काढीन.'

देवरावांनी ते पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा शेवटची ओळ, मग बाकीचं, मग पुन्हा शेवटची ओळ.

पुढच्या रविवारी ते नागपूरला जाऊन आले. सीताबर्डीतल्या दुकानातून ग्राफिक्स कार्ड घेतलं, मेमरीच्या अठरा चिपा घेतल्या, आणि दुकानदारानं दिलेला एक इंग्रजी कागद. होस्टेलच्या रस्त्यापर्यंत गेले होते. फाटकाबाहेर पेरूच्या गाडीपाशी थोडा वेळ उभे राहिले. पण मग वाटलं, आता भेटलो तर तोंडातून सगळं निघून जाईल आणि मे महिन्याला सांगायला काही उरणार नाही. अर्धा किलो पेरू घेऊन ते गाडीत बसले आणि आलापल्लीपर्यंत एकट्यानंच खाल्ले.

ग्राफिक्स कार्ड बसवायला त्यांना एक संध्याकाळ लागली. शब्दकोश मांडीवर, चष्मा नाकावर. जुनं कार्ड काढलं, त्याच्या स्क्रूवर कागदाची चिठ्ठी बांधली, नवं कार्ड फटीत हळूच दाबलं. खालच्या पाटीवरची तांदळाएवढी बटणं कागदात बघून टाचणीनं तपासली. मशीन सुरू केलं. हिरवी अक्षरं आली, पहिल्यापेक्षाही टोकदार. देवरावांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

राहिल्या चिपा.

मोठ्या हिरव्या पाटीवर चिपांच्या चार ओळी होत्या, एकेका ओळीत नऊ. काळ्या, चपट्या, दोन्ही बाजूंनी पाय असलेल्या, गोमेसारख्या. दोन ओळी काढून तिथं नव्या अठरा बसवायच्या, दोन ओळी जुन्याच ठेवायच्या. प्रत्येक चिपेच्या एका टोकाला नखानं कोरल्यासारखी बारीक खाच होती.

ती खाच बघून देवरावांना हसू आलं. हे तर त्यांच्याच धंद्यातलं निघालं. सागाचं लाकूड तोडलं की त्याच्या एका टोकावर वनखात्याचा हातोडा मारतात, शिक्का उमटतो. डेपोत थप्पी रचताना पहिला नियम एकच: शिक्क्याचं तोंड रस्त्याकडे. साहेब आला, व्यापारी आला, तर त्याला थप्पीला वळसा घालावा लागू नये, समोर उभं राहून सगळं वाचता यावं. शिक्का मागं गेलेलं एक लाकूड दिसलं तरी देवराव मजुरांकडून अख्खी थप्पी उतरवून पुन्हा रचून घेत. त्यापायी त्यांना शिव्याही बसत, आणि साहेबांची शाबासकीही.

आणि इथं बघावं तर काय, सगळ्याच्या सगळ्या जुन्या चिपांच्या खाचा पलीकडे, पेटीच्या पाठीकडे. ज्यानं रचल्या त्याला कुणी शिकवलंच नव्हतं! दुकानदाराच्या कागदावर चित्र होतं, पण त्यात पेटी नव्हती, नुसती चिपांची ओळ. कागद जसा फिरवावा तसं ते खरं दिसे. देवरावांनी तो आपल्याला सोयीचा फिरवला.

नव्या अठरा चिपा त्यांनी खाचा आपल्याकडे करून बसवल्या. मग त्यांना राहवेना. अर्धी थप्पी सुलटी आणि अर्धी उलटी, हे डोळ्यांना सोसेना. जुन्या अठराही त्यांनी चिमट्यानं एकेक करून काढल्या, फिरवल्या आणि पुन्हा दाबल्या. पाय वाकू दिला नाही एकीचाही. छत्तीस चिपा, छत्तीस खाचा, सगळ्या रस्त्याकडे. असं सुबक काम त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

मशीन सुरू केलं. पंखा घरघरला. पडदा काळाच राहिला. बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. गरम इस्त्रीखाली प्लॅस्टिक आल्यासारखा वास आला. एका चिपेवर बोट ठेवलं तर ते चटकन मागे घ्यावं लागलं.

"व्होल्टेज कमी असन," ते स्वतःशीच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोरगी येणार होती.

सत्यशीला दुपारच्या गाडीनं उतरली. देवरावांनी आधी तिचं सामान पाहिलं. मोठी बॅग, वर पुस्तकांची पिशवी, वर आणखी एक गाठोडं. महिन्याचं सामान. त्यांनी सगळं स्वतः उचललं, एकाही गोष्टीला तिला हात लावू दिला नाही.

"वाळले बाबा तुम्ही."

"तू बी."

घरी आल्यावर तिनं पाणीसुद्धा उभ्यानंच घेतलं आणि थेट मशीनपाशी गेली. देवराव जेवायचं विचारत राहिले, ती झाकण उघडत राहिली.

"कार्ड कुणी बसवलं?"

"म्या."

"तुम्ही? अन् हे स्विच?"

"ते बी."

"बापा रे! आमच्या वर्गातल्या पोरांना नाई जमत हे." ती खरंच कौतुकानं म्हणाली, आणि देवरावांचे कान तापले. मग तिनं बॅटरी मागितली, पेटीत उजेड पाडला आणि वाकून बघितलं.

"बाबा, ह्या चिपा अशाच होत्या? खाच इकडे?"

"नाई, उलट्या होत्या. सगळ्या उलट्या! म्या सुलट्या केल्या."

"सगळ्या?"

"एकूण एक. शिक्का रस्त्याकडे पायजे का नाई?"

सत्यशीलेनं बॅटरी खाली ठेवली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती खाली फरशीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अहो बाबा, हे काय सागाचे लट्ठे होय? वीज एका पायातून आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते. उलटी बसवली की जळते ती!"

देवरावही हसले. पोरगी हसते म्हणून हसले. घरात एवढा आवाज बऱ्याच दिवसांनी झाला होता. "मंग आता?"

तिनं चिपा काढून, फिरवून पुन्हा लावल्या. काही झालं नाही. दोन-दोन ओळी आलटून पालटून लावून पाहिल्या. संध्याकाळपर्यंत तिचं हसणं पार संपलं होतं.

"गेल्या सगळ्या. एक ओळ जरी वाचली असती तरी सुरू झालं असतं."

म्हणजे जुन्यांना हात लावला नसता तर. तिनं ते म्हटलं नाही. देवरावांना ते कळलं.

"मी उद्या जातो नागपूरले. घेऊन येतो नव्या."

"नुसत्या चिपा आणून नाई भागणार. पाटीला काही झालं का, ते आमच्या सरांना दाखवावं लागन. पेटी मलाच न्यावी लागन." ती थोडा वेळ टेबलावर बोटानं रेघा ओढत बसली. "आणि लॅबमधल्या मशीनवरचा माझा नंबर सोमवारपर्यंतच राहते. तोवर गेले नाही तर तो दुसऱ्याला जाईल. मग प्रोजेक्टच बुडते. उद्याच्याच गाडीनं जाते, बाबा. तुम्हाले राग तं नाई?"

"राग कायचा? मलेही सवड कुठी हाय? लिलाव सुरू होऊन राह्यला. तू घरी राह्यली असती तरी मी डेपोतच असतो."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि खरंच तिला बरं वाटलेलं दिसलं. देवरावांनी ताटं घेतली. वांग्याची भाजी चार माणसांना पुरेल एवढी केली होती.

सकाळी सोमाजी सायकलीच्या कॅरिअरवर पेटी बांधून स्टँडवर घेऊन आला. पडदा घरीच राहिला, लॅबमध्ये पडदे होते. मोठी बॅग, पुस्तकं आणि गाठोडं, एकही गाठ न सुटता, परत गाडीवर चढलं. सत्यशीलेला खिडकी मिळाली. तिनं पेटी शेजारच्या सीटवर ठेवून घेतली.

"हिचं तिकीट लागन, बाई," कंडक्टर म्हणाला.

"माणसाइतकी जागा घेते, तं माणसाचं तिकीट द्या!" सोमाजी खालून ओरडला आणि मग देवरावांकडे वळला. त्याचा आवाज नेहमीचाच, नदीपलीकडे ऐकू जाईल असा. "मंग भाऊ, आता महिनाभर करान काय घरी? साहेबाच्या मागं मागं फिरून रजा घेतली, पोरगी येते, पोरगी येते म्हणून. अन् ते तं चालली दुसऱ्याच दिवशी!"

देवरावांनी त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

खिडकीतून सत्यशीला बघत होती. "रजा?"

"तसं नाई... पडली होती शिल्लक."

"लिलाव सुरू आहे म्हणे."

"हाय ना. दुसरे लोकं करतेत."

"आणि ही मशीन? डेपोची?"

 सोमाजीला आपण काय केलं ते आता कुठे कळत होतं. तो सायकलीची घंटी उगाच पुसायला लागला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, सगळ्या खिडक्या थरथरायला लागल्या. सत्यशीलेनं एकदा वर बांधलेल्या सामानाकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. उतरणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. नंबर गेला की वर्ष गेलं.

मग तिनं पेटी उचलून मांडीवर घेतली.

"चढा."

"कुठी?"

"चांद्यापर्यंत तरी चला. तिथून मी नागपूरची गाडी धरीन, तुम्ही परत या. चढा ना बाबा, जागा झाली."

"अंगावर बनियान-पायजामा हाय माह्या."

"चांद्याले कोण बघते तुम्हाले?"

देवराव चढले. पायात स्लीपर, खिशात चार नोटा. सोमाजीनं खालून काहीतरी ओरडून सांगितलं, बहुतेक घराला कुलूप लावतो म्हणून.

 दोन्ही बाजूंनी साग मागे जात होता, उन्हाळ्यानं पानं झडलेला, नुसत्या काठ्या. पेटीचा एक कोपरा देवरावांच्या गुडघ्यावर टेकला होता. प्रत्येक खड्ड्याला ते हातानं ती सावरत होते, आणि त्यांच्या हाताशेजारी तिचा हात होता. परतीच्या गाडीचा विचार मनात आला, तसा त्यांनी तो बाजूला सारला. परतीची गाडी दुपारनंतर होती.

आष्टी गाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं.

"शीलू, ते मेमरी म्हणजे नेमकं काय असते, सांग बरं."

त्यांना ते माहीत होतं. शब्दकोश घेऊन दुकानदाराच्या कागदातला तो भाग त्यांनी सात वेळा वाचला होता. सत्यशीला त्यांच्याकडे वळून बसली आणि सांगायला लागली. आधी घाईनं, मग हळूहळू, मग हातवारे करून. मध्येच ती विचारायची, "समजलं?" आणि देवराव प्रत्येक वेळी म्हणायचे, "नाई. पुन्हा एकदा सांग."