जात्यावरचं नाव

नांदेडच्या लारी-अड्ड्यामागच्या गल्लीत पहाटे पहिलं जातं फिरायचं ते शिवकांताचं. तिचा नवरा हणमंत तेव्हा जागाच असे, पण डोळे मिटून पडून राही. तिची ओवी त्याला ऐकवत नसे आणि चुकवावीशीही वाटत नसे.

लातूरच्या वाटंवर धूर उठतो निळा निळा
आला बंधू वीरभद्र, संगं मायेचा जिव्हाळा

हे नाव हणमंताच्या कानात खड्यासारखं रुते. वीरभद्र शिवकांताच्या माहेरगावचा, लातूरजवळचा. रक्ताचा नव्हे, मानलेला भाऊ. तोही लारीवालाच. त्याला परवाना लातूरच्या वाटेचा, हणमंताला धर्माबादचा. म्हणून आईचा निरोप, शेंगांची पिशवी, वाळवलेल्या बोरांचं गाठोडं, सारं माहेर वीरभद्राच्या लारीतून यायचं. हणमंताच्या लारीतून यायचा तो धर्माबादच्या मिरचीचा ठसका.

"त्याचंच नाव बरं येतंय तुझ्या तोंडात," एकदा तो बोललाच.

"भावाचं येतंय. तुमचं कसं घेऊ? जीभ झडंल न्हाई का माझी?" शिवकांता हसली.

बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे का त्याला ठाऊक नव्हतं? पण रोज पहाटे दुसऱ्याचं नाव पिठासारखं अंगावर सांडत असलं, की ठाऊक असून काय उपयोग!

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कूपनावर मिळे आणि भाव चढतच होता. वीरभद्रानं लातूरच्या लोहाराकडून लारीमागं कोळशाची भट्टी बसवून घेतली. कोळसा पेटवायचा आणि त्याच्या वायूवर इंजिन चालवायचं. चढाला लारी धापा टाकी, वीरभद्राचं तोंड काळं होई, पण पेट्रोलची फिकीर त्याला उरली नाही. हणमंताची लारी मात्र जितकी धावे तितकी घाट्यात जाई.

भाव पुन्हा चढला तेव्हा अड्ड्यावरच्या चिंचेखाली हणमंतच उभा राहिला.

"पेट्रोल सरकारच्या हातात हाय. पर भाडं तर आडत्यांच्या हातात हाय ना? ते भाडं वाढवत न्हाईत तवर एक बी लारी हलायची न्हाई. हडताल!"

म्हातारा रामकिशन, अड्ड्यावरचा सगळ्यांत जुना डायवर, तोंडातली बिडी काढून म्हणाला, "आन् कोळशावाल्याचं काय? आपण बसू माशा मारत, आडते समदा माल वीरभद्राच्या लारीत भरतेल. त्याला काय तोटा हाय? त्यानं का म्हून थांबावं?"

हणमंत याच प्रश्नाची वाट पाहत होता. वीरभद्र नाही म्हणेल, चारचौघांच्या नजरेतून उतरेल, मग पाहू उद्या जात्यावर कोणाचं नाव येतं ते.

वीरभद्र काजळी पुसत उठला. "दाजी म्हणतेत ते बराबर हाय. आज पेट्रोल चढलं, उद्या कोळसा चढंल. माझी बी लारी उभी."

चिंचेखाली एकच गलका झाला. रामकिशननं वीरभद्राची पाठ थोपटली. "हणमंता, मेव्हणा लई दिलदार हाय की तुझा!"

"मेव्हणा न्हाई तो माझा," हणमंत पुटपुटला. हडताल त्यानं पुकारली होती आणि शाबासकी नेली होती दुसऱ्यानं.

लाऱ्या उभ्या राहिल्या. आडतेही हट्टाला पेटले. डायवरांच्या घरी ज्वारी विकायची नाही, असं त्यांनी ठरवलं. चुली थंड पडल्या की लाऱ्या आपोआप हलतील, असा त्यांचा होरा. गल्लीतली जाती एकेक करून मुकी झाली. एका पहाटे शिवकांताचंही.

हणमंत पडून राहिला, कान टवकारून. बंधू नाही, वाट नाही, धूर नाही.

"गाईनास का?" त्यानं विचारलं.

"जात्यात काय घालू? तुमची हडताल घालू?"

उजाडल्यावर वीरभद्र आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "दाजी, आमच्या गावाकडचे लोक ज्वारी देऊन राहिलेत. फुकट, निस्ती डायवरांच्या घरापुरती. मी लारी नेतो. पर म्होरके तुमी. तुमी न्हाई म्हणलात तर चाक हलणार न्हाई."

वीरभद्राचं चाक आज पहिल्यांदा हणमंताच्या मुठीत आलं होतं. नाही म्हणायचा मोह जिभेवर गुळासारखा विरघळत होता. शिवकांता दारामागं उभी होती. लारी गेली तर ओवी परत येणार, आणि ओवीतून वीरभद्रही. नाही गेली तर जातं असंच मुकं.

"जा," तो म्हणाला. मग घाईनं, "एकटा न्हाई. मी बी येतो. आडत्याचं एक पोतं जरी लारीत घुसलं तर हडताल बुडाली."

"पर दाजी, क्लीनर गावी गेलाय. मागं भट्टीपाशी बसावं लागंल."

"बसतो."

लातूरपर्यंत तो भट्टीत कोळसा सारत, धूर गिळत बसला. गावात लारी थांबताच बाया धावल्या. "शिवकांताचा भाऊ आला गं!" मागं काळाठिक्कर बसलेल्या हणमंताकडं बघून एकीनं वीरभद्राला विचारलं, "नवा क्लीनर ठिवलास जणू?" वीरभद्र खो खो हसला, आणि मग घाईघाईनं सांगू लागला की हे दाजी आहेत. तोवर व्हायचं ते झालं होतं.

येताना लोहा गावाच्या अलीकडं कोळसा संपला. हणमंतानं बाभळीची वाळकी लाकडं मोडली, हातात काटे भरले, ती भट्टीत कोंबली. लारी रडतखडत नांदेडात आली. पोती आडत बाजारावरूनच गल्लीत गेली. डायवरांच्या चुली आता विझत नाहीत, हे आडत्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि बाजाराच्या दिवशी भाडं वाढवून दिलं. अड्ड्यावर जो तो म्हणत होता, "डोकं वीरभद्राचं!" हणमंत बोटातला काटा काढत ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे जातं फिरलं. हणमंतानं डोळे घट्ट मिटले.

वीरभद्र बंधू माझा लारी लातुराची हाकी
मागं जळतंय कोण, कोळसा तर न्हाई बाकी

शेजारच्या जात्यावरून कोणीतरी फिसकन हसलं. मग पलीकडच्या. ओवीत नाव नव्हतं, आणि ज्याचं नाव नाही तो कोण, हे साऱ्या गल्लीला कळलं होतं. हणमंताचे कान तापले. तो पांघरुणात हलला, काटे भरलेला हात छातीशी घेतला. मग त्याचा घोगरा आवाज आला,

"ते समदं ठीक हाय. पर त्याचंच नाव पयलं कामून?"

शिवकांतानं पदर तोंडाशी धरला, आणि जात्यात आणखी एक मूठ टाकली.