नावनिशी

आमच्या मंडळीची सभासदांची वही गेली एकोणीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. अंबरनाथ पूर्वेला भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी साठ-सत्तर ख्रिस्ती माणसं उपासनेला जमतात. त्या मंडळीचा मी सेक्रेटरी. आधी कंपनीचं स्टोअर सांभाळलं, आता पप्पा स्वर्गाचं स्टोअर सांभाळतात, असं माझी मुलगी प्राची म्हणते. म्हणू दे. ज्याचा बाप्तिस्मा झाला त्याचं नाव वहीत, आणि ज्याचं नाव वहीत त्यालाच प्रभुभोजनाची भाकर. हा नियम मी केलेला नाही. पण तो पाळण्यात मला जरा जास्तच गोडी होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

जनाबाई आठ वर्षं शेवटच्या रांगेत बसत होत्या. घर बौद्धांचं. नवरा किसन वारला त्या वर्षी शेजारणीबरोबर प्रार्थनेला म्हणून आल्या आणि राहिल्याच. मुलगा विक्रांत आनंदनगर एमआयडीसीत सुपरवायझर, त्याचा फ्लॅट सोनिवलीला. तिथून दोन-तीन रिक्षा बदलत म्हातारी माझ्याही आधी हॉलवर हजर. बाप्तिस्मा मात्र घेतलेला नव्हता. भाकरीचं ताट फिरायला लागलं की त्या मान खाली घालायच्या. ताट फिरवायचं काम माझंच. आठ वर्षं मी त्यांना ओलांडून पुढे जात होतो आणि त्यात मला कधी काही वाटलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी नाताळवर उपदेश केला. आमचे पाळक शरदचंद्र वयानं लहान, पण बोलतात आतून. म्हणाले, "उल्हासनगरच्या दुकानदारानं दिवाळीचे उरलेले कंदील तारे म्हणून आपल्या गळ्यात मारले, तो नाताळ नव्हे." लोक हसले. कंदील मीच आणले होते. मग ते म्हणाले, "बादशहाचा हुकूम निघाला की सगळ्यांची नावनिशी व्हावी. दिवस भरलेल्या बाईला घेऊन एक सुतार नाव लिहून द्यायला निघाला. देव जन्माला आला तो अशा लोकांत, ज्यांची बादशहाच्या लेखी नुसती मोजदाद. त्यानं स्वतःला त्यांच्यात मोजून घेतलं. नाताळ म्हणजे एवढंच. देवानं आपलं नाव आपल्यात लिहिलं."

उपासना संपल्यावर जनाबाई माझ्या टेबलाशी आल्या.

"सलाम, सेक्रेटरीसाहेब. माजं नाव लिवा."

"बाप्तिस्म्याशिवाय कसं लिहू, जनाबाई?"

"मग बाप्तिस्मा द्या. जन्मभर अंगठाच देत आले, रेशनला, बँकेत. माजं नाव मी कुठं लिवलेलं बगितलंच नाय. त्यानं त्याचं नाव आपल्यात लिवलं ना? मग माजं त्याच्यात लिवा."

पाळकसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे तारीख ठरवली. नाताळची सकाळ. बाप्तिस्मा, आणि लगेच पहिलं प्रभुभोजन.

वीस तारखेला विक्रांत माझ्या घरी आला. चहा घेतला नाही.

"काका, आईला पाणी शिंपडा, गाणी म्हणा, माझं काहीच म्हणणं नाही. फक्त लिहू नका."

"का?"

"माझ्या मनालीची जातीच्या दाखल्याच्या व्हॅलिडिटीची फाइल आत आहे. मेडिकलला बसतेय पोरगी. ते चौकशीवाले घरी येतात, बाजूवाल्यांना विचारतात, भिंतीवर फोटो कोणाचा ते पण बघतात. आजी ख्रिश्चन झाली असा एक कागद हाताला लागला ना, तर फाइल लटकली समजा. नंतर काय व्हायचं ते होईल, पण पोरीचं वर्ष गेलं ना."

मी त्याच्यासमोरच पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "श्यामकांतकाका, बाप्तिस्मा देऊ, भाकरही देऊ. वहीत सावकाश लिहू. देवाला शाई लागत नाही."

"मग वही मोरीत टाका आणि माझा राजीनामा घ्या," मी म्हणालो. फोन ठेवला आणि विक्रांतला सुनावलं, "चोरून घेतलेला बाप्तिस्मा देवाला चालत नाही. आईला सांग. नाव लिहायचं, नाहीतर काही नाही."

तोंडावर तत्त्व होतं. पोटात काय होतं तेही सांगतो. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ठसक्यात नुसतं 'ख्रिस्ती' लिहवून घेतलं. जात गेली म्हणून घरात पेढे वाटले म्हणे. गावानं मात्र आमची जात शेवटपर्यंत लक्षात ठेवली, विसरलं ते फक्त सरकार. प्राचीची मेडिकलची सीट थोडक्या मार्कांनी गेली तेव्हा आमच्याकडे दाखवायला जातीचा एक कागद नव्हता. आणि ह्यांना बाप्तिस्माही हवा आणि सवलतही हवी? मला जळफळाट झाला होता, दुसरा शब्द नाही.

विक्रांत गेल्यावर प्राची स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती आता एका लॅबमध्ये नोकरी करते. "पप्पा, माझी सीट मनालीनं नव्हती घेतली," एवढंच म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली. मला तीन रात्री झोप नीट लागली नाही, पण फोन मी कोणालाच केला नाही. चुकलो हे कळणं वेगळं आणि तसं तोंडानं म्हणणं वेगळं.

नाताळच्या सकाळी जनाबाई आल्या. पांढरं नवं लुगडं, केसाला तेल, हातात करंज्यांचा डबा. पुढे टेबलावर बाप्तिस्म्याचं पाणी भरून ठेवलं होतं. पाळकसाहेब त्यांना हाताला धरून पुढे न्यायला आले, तर त्या जागच्या हलेनात.

"नको, पाळकसाहेब."

"आई, मी देतो बाप्तिस्मा. वहीचं मी बघतो."

"चोरून नको. देवाला चालत नाय तसं." त्यांनी हे माझ्याकडे न बघता म्हटलं. टोमणा नव्हताच तो, त्यांना ते खरंच पटलं होतं. "माजं लिवलं तर पोरीचं खोडतील. सुतारानं नाव लिवलं ते लेकराला घेऊन लिवलं, लेकराला टाकून नाय. बसते मी मागं."

पाळकसाहेबांनी पाण्यावर रुमाल झाकला. उपासना सुरू झाली. गाणी झाली, प्रार्थना झाली, कशातही माझं लक्ष नव्हतं. मग ताट माझ्या हातात आलं आणि मी रांगा घेत मागे निघालो. माझं ठरलं होतं. नियम गेला खड्ड्यात.

शेवटच्या रांगेत मी जनाबाईंसमोर थांबलो आणि ताट पुढे केलं. त्यांनी मान वर केली नाही.

"घ्या, जनाबाई," मी हळूच म्हणालो.

"नाव नाय ना माजं."

"मी सांगतो, घ्या. माझं चुकलं."

त्यांनी पदर तोंडावर धरला आणि मान हलवली. "तुमी बरोबरच बोलला होता, सेक्रेटरीसाहेब. हावरी झाले होते मी. पुढं जावा, लोक खोळंबलेत."

मी ताट तसंच धरून उभा राहिलो. शेजारचा माणूस खाकरला. जनाबाई लुगड्याच्या काठाशी चाळा करत बसल्या, मी जायची वाट बघत. शेवटी मी गेलो.

ताट फिरवणाऱ्यानं सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं असतं. टेबलाशी परत आलो तेव्हा ताटात दोन तुकडे उरले होते. माझं नाव वहीत होतं, म्हणून मी एक घेतला आणि सगळ्यांदेखत खाल्ला.