अरुणाचं वाण

"चित्रा कशी आहे?" एवढं कुणी विचारायचा अवकाश, अनुया अमरावतीची गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायला घ्यायची. टोरोंटोजवळच्या मिल्टनमधल्या मराठी मंडळींना ती आता पाठ झाली होती. पॉटलकच्या जेवणाला हातात डिश घेऊन, उभ्या उभ्या, भात गार होईपर्यंत ऐकून घ्यायची, आणि शेवटाकडे डोळे पुसायचे. ऐकणाऱ्यांचा इलाज नव्हता. मूल दत्तक घेतलेल्या बाईला "पुरे कर बाई आता" म्हणणार कोण?

गोष्ट खोटी मात्र नव्हती. थोरल्या ईशानीच्या पाठीवर अनुयाला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. ईशानी अकरा वर्षांची झाली. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं, आणि हाक यायची ती "मॉम". अनुयाला ते "मॉम" काट्यासारखं टोचायचं. घरात एक तरी 'आई' म्हणणारं हवं, हा तिचा ध्यास होता आणि तो तिने कधी लपवला नाही. शैलेंद्र, तिचा नवरा, रोज पहाटे ट्रेनने टोरोंटोला नोकरीला जायचा आणि थकून परत यायचा. त्याने मान डोलावली. मग घर तपासून जाणारी होम स्टडी झाली, ट्रेनिंग झालं, कोर्टाची ऑर्डर आली, आणि दिवाळीनंतर तिघंही विमानात बसून अमरावतीजवळच्या एका अनाथाश्रमात जाऊन पोचले.

चार वर्षांची चित्रा न्हाऊमाखू घालून, नवा फ्रॉक चढवून, वेणीत रिबीन बांधून तयार ठेवलेली होती. बाकीची पोरं भिंतीला लागून रांगेत उभी होती. आश्रमातल्या काकूंनी तिला पाटावर बसवलं, ओवाळलं, तोंडात पेढा घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चित्रा उठली, सरळ अनुयाकडे आली, तिचं बोट धरलं आणि म्हणाली, "आई, चला."

अनुया तिथेच फरशीवर बसली आणि हमसाहमशी रडली. दोन वर्षं वाट पाहिली होती तिने, रडेल नाही तर काय? जाताना चित्राने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "काकू, टाटा," एवढंच म्हणाली.

गोष्टीतला एक तुकडा मात्र अनुया कधी सांगत नसे. गाडीत बसताना त्या काकू खिडकीशी आल्या होत्या. पदराने नाक पुसत म्हणाल्या, "काल परेंत मलेच आई म्हने हे पोरगी. मंग मीच शिकवलं तिले, जिच्यासंग जाचं थे तुई आई, मागं राह्यली थे काकू."

"हो का," अनुया म्हणाली आणि काच वर केली. पगारी बाई ती, तिला कसली आली आई! असं तिच्या मनात आलं, आणि आलं ते आलंच.

मिल्टनला आल्यावर पहिले काही आठवडे चित्राने घर जिंकलं. ताटात पडेल ते खायची. स्वतःची चादर स्वतः घडी करायची. पडली तरी रडायची नाही. आणि उठता बसता "आई, हे करू?" "आई, तिथे बसू?" अनुया फोनवर अमरावतीला नाही, पण पुण्याला, नागपूरला, सगळीकडे सांगत सुटली. "पहिल्या भेटीत आई म्हणाली, विचार कर! ऋणानुबंध असल्याशिवाय होतं का असं?"

अरुणाला तर तिने ही गोष्ट इतक्यांदा ऐकवली की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. अरुणा आणि तिचा नवरा नंदन तासाभरावरच्या किचनर गावी राहायचे. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, लग्नाला बारा वर्षं झालेली, मूल नाही. अरुणाने एकदा दबकत विचारलं होतं, "आम्हीपण अप्लाय करावं म्हणतोय. जमेल का गं?" अनुयाने तिचा हात हातात घेतला. "कर की. पण सगळ्यांनाच जमतं असं नाही हं. मुलाने आपल्याला आपलं मानावं लागतं." अरुणा बिचारी हो म्हणाली. तिला बिचारी म्हणायला अनुयाला फार आवडायचं.

ख्रिसमसनंतर मात्र गाडी रुळावरून घसरली. अनुयाची रजा संपली. चित्रा रात्री गादी ओली करायला लागली. स्नो बूटमध्ये पोळीचे तुकडे सापडले, कपाटात ब्रेड सापडला. सकाळची घाई, शाळा, बाहेर फावड्याने शोव्हल करायचा ढीगभर बर्फ, आणि त्यात ओल्या चादरी. अनुयाचा पारा चढायचा. एके दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "असं केलंस ना, तर अरुणाकाकूंना देऊन टाकीन!"

जादू झाल्यासारखी चित्रा गप्प झाली. हात धुऊन आली आणि जिन्याच्या पायरीवर ताठ बसून राहिली. अनुयाला हे औषध फारच सोयीचं वाटलं. मग काय, दूध सांडलं की अरुणाकाकू, मोजा हरवला की अरुणाकाकू.

"तिला असं म्हणू नकोस," शैलेंद्र एकदा म्हणाला. "ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं ना आपल्याला."

"अरे, मला आई बोहारणीला देणार होती. जुन्या साड्यांवर! प्रत्येक मराठी घरात म्हणतात. मी काय मेले का?"

"मॉम, दॅट्स सो मीन," ईशानी टेबलावरून म्हणाली. "शी बिलिव्ज यू."

"तू होमवर्क कर," अनुया म्हणाली. लहान बहिणीबद्दल ईशानीला जे दिसत होतं ते तिला ऐकायचं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी अनुयाने हळदीकुंकू ठेवलं आणि त्यातच चित्राचं बोरन्हाण. हौसेला मोल नसतं. आईकडून हलव्याचे दागिने मागवले होते, काळं परकर-पोलकं शिवून आणलं होतं. बोरं मिल्टनमध्ये कुठली मिळायला? म्हणून चुरमुऱ्यांत गोळ्या, चॉकलेटं, द्राक्षं आणि मार्शमेलो. बायकांना वाण म्हणून काचेचे झाकणाचे डबे.

सकाळी तयारी चालू असताना चित्राचा धक्का लागला आणि कुंकवाचा करंडा नव्याकोऱ्या फिक्या कार्पेटवर उपडा झाला. अनुया किंचाळली. "काही म्हणून नीट करता येत नाही तुला! आज खरंच देऊन टाकते अरुणाकाकूंना. आज येणारच आहेत त्या!"

चित्राने एकदा कार्पेटकडे पाहिलं, एकदा अनुयाकडे. "आज?" तिने विचारलं.

"हो, आज!" अनुया गुडघ्यांवर बसून डाग घासत म्हणाली. पोरगी वर गेली ती बराच वेळ खाली आली नाही, आणि आली नाही तेच बरं, असं अनुयाला वाटलं.

दुपारी घर बायकांनी भरलं. पुरुष मंडळी बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसली. चित्राला न्हाऊ घातलं, नवे कपडे घातले, वेणी घातली, गळ्यात हलव्याचा हार, कपाळाला बिंदी. पाटावर बसवलं. पोरं भोवती कडं करून उभी राहिली. अनुयाने ओवाळलं, तोंडात तिळाची वडी घातली. डोक्यावरून मार्शमेलो आणि चुरमुऱ्यांची बरसात झाली, पोरं तुटून पडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चित्राने एकही गोळी उचलली नाही. हात मांडीवर ठेवून ती बसून होती, आणि बायकांतून एकेक चेहरा बघत होती. "किती शहाणी आहे गं!" कुणीतरी म्हणालं. अनुया फुलली. आश्रमातला पाट, ओवाळणं, पेढा, टाळ्या, हे सगळं तिने मिल्टनच्या प्रत्येक घरात जाऊन सांगितलेलं होतं. पण समोर तेच पुन्हा मांडून ठेवलंय आणि आपणच मांडलंय, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

शेवटी वाण द्यायची वेळ आली. अनुयाने अरुणाला हळदीकुंकू लावलं आणि डबा पुढे केला. अरुणाने चित्राचा गालगुच्चा घेतला. "मला नको बाई डबा. मला वाण म्हणून हीच दे! काय गं, येतेस ना आमच्याकडे?"

आपल्यात पाहुण्याने लहान मुलाला हे विचारायचंच असतं. बायका हसल्या. अनुयालाही मजा वाटली, आणि सकाळचा डाग अजून डोळ्यांसमोर होता. तिने चित्राचा हात उचलला आणि अरुणाच्या हातात ठेवला. "ने, खुशाल ने! लुटलं म्हण वाण. माझी एक कटकट जाईल." वर तो डबाही दिला. हसणं आणखी वाढलं. चित्रा हसली नाही, पण तिने होकाराची मान हलवली आणि जिन्याकडे गेली.

पाचच्या सुमाराला नंदन गाडी गरम करायला बाहेर गेला. अरुणा दारात जॅकेटची चेन लावत होती. तेवढ्यात चित्रा खाली आली. अंगावर स्नो जॅकेट, टोपी, हातमोजे, पायांत बूट, डावा-उजवा बरोबर. पाठीवर शाळेची बॅग फुगलेली, तिच्या चेनमधून नाइटड्रेसची बाही बाहेर आलेली. जॅकेटच्या गळ्यातून हलव्याचा हार दिसत होता. ती बायकांमधून वाट काढत सरळ अरुणापाशी गेली, तिचं बोट धरलं आणि म्हणाली, "आई, चला."

कुणाला हसू आलं नाही.

अनुयाला आधी वाटलं, आपल्याला हाक मारली. ती पुढेसुद्धा झाली. मग तिला ते बोट दिसलं. "चित्रा," ती म्हणाली, "अगं, गंमत होती ती. गंमत करत होतो आम्ही."

चित्राने तिच्याकडे पाहून हात हलवला. "काकू, टाटा."

अरुणाने बोट सोडवून घ्यायला हवं होतं. तिने सोडवलं नाही. बारा वर्षांत तिला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. ती तशीच उभी राहिली, तोंड अर्धवट उघडं, डोळे भरून आलेले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते अनुयाने ओळखलं. आश्रमाच्या फरशीवर बसून रडताना आपला चेहरा असाच दिसला असणार.

"सोड तिला," अनुया म्हणाली.

"मी कुठे धरलंय?" अरुणा हळूच म्हणाली. "तिनेच धरलंय."

अनुयाने चित्राला दंडाला धरून मागे ओढलं. हार तुटला आणि हलवा टाइल्सवर उडाला. पोरगी रडली नाही. तिने वर अरुणाकडे पाहिलं, आता काय करायचं ते विचारावं तसं. बाहेर नंदनने हॉर्न दिला. अरुणा निघाली. गाडीपर्यंत जाताना तिने दोनदा वळून पाहिलं. वाणाचा डबा दारातल्या बाकावर तसाच राहिला.

बाकीच्या बायका भराभर बूट चढवून गेल्या. "मुलं काय गं, विसरतात," जाता जाता एक म्हणाली. उद्या सकाळपर्यंत ही गोष्ट टोरोंटोपलीकडच्या स्कारबरोपर्यंत जाणार, हे अनुयाला दिसत होतं. तिची जुनी गोष्ट आता कुणी ऐकणार नव्हतं.

चित्रा बाकावर जाऊन बसली. जॅकेट काढू देईना. शैलेंद्रने समजावलं, चॉकलेट दिलं. तिने ते बॅगेत ठेवलं. ईशानी जिन्यात बसून रडत होती. "आय टोल्ड यू, मॉम. आय टोल्ड यू."

अनुया चित्रासमोर खाली बसली. "बाळा, मी कोण?"

"काकू."

"नाही गं. मी आई ना तुझी? तूच म्हणालीस ना, अमरावतीला?"

चित्राने तिच्याकडे समजूत घालावी तसं पाहिलं. "तेव्हा होतात," ती म्हणाली. इतके दिवस अनुयाला ती अगं-तुगं करायची, आता एकदम अहो-जाहो आलं होतं. "काकू, आई परत कधी येणार न्यायला?"

अनुयाच्या आत काहीतरी उसळून आलं. दुःख होतं त्यात, पण त्याहून जास्त हेवा होता, आणि हेवा कुणाचा, तर त्या बिचारीचा. जवळ घ्यायचं सोडून तिने पोरीचे दोन्ही खांदे धरले.

"ती येणार नाही. तू नकोयस तिला. गादी ओली करतेस ना, ते कळलं तिला, म्हणून टाकून गेली. कुणालाच नकोयस तू. मी ठेवून घेतलंय म्हणून आहेस, समजलं?"

"अनुया!" शैलेंद्र ओरडला.

चित्रा थोडा वेळ दाराच्या काचेतून बाहेर बघत राहिली. ड्राइव्हवेवर फक्त टायरचे माग होते. मग तिने टोपी काढली, हातमोजे काढले, बॅग खाली ठेवली.

"बरं, आई," ती म्हणाली.

तोच आवाज होता, अमरावतीचा. तितकाच गोड, कुठेही न अडखळणारा. अनुयाने त्या शब्दासाठी अर्धी पृथ्वी ओलांडली होती. आज तो ऐकून ती उठली आणि दोन पावलं मागे सरली.

चित्राने बूट काढले आणि मॅटवर जोडीने ठेवले, टोकं दाराकडे करून. मग ती खाली वाकून सांडलेला हलवा वेचायला लागली.