राज्यपालांच्या सहीचं पेन

आमच्याकडे अमेरिकेत कायद्यावर सही करायची एक तऱ्हा आहे. राज्यपाल समोर डझनभर पेनं मांडून बसतात. एका पेनानं नावातली एक रेघ ओढायची, दुसऱ्यानं दुसरी, आणि मग ती पेनं मागे उभ्या असलेल्यांना वाटायची. माझी भाची टेसा अशाच एका सहीच्या वेळी मागे उभी होती. तिला मिळालेलं पेन माझ्या बहिणीनं, लोरेननं, काचेच्या पेटीत घालून बैठकीच्या खोलीत ठेवलं. आता मी त्या पेटीकडे बघतसुद्धा नाही.

टेसाला आकडी येते. एका कंपनीच्या महागड्या गोळीनं ती थांबली, लायसन्स मिळालं, पोरगी स्वतः गाडी चालवत कॉलेजला जायला लागली. तेवढ्यात, औषधाचा खर्च ज्यांच्याकडून मिळायचा त्या विमावाल्यांनी कळवलं, आधी दुसरी स्वस्तातली गोळी घ्या. ती घेऊनही आकडी आली तरच ही देऊ. म्हणजे पोरगी पडल्याशिवाय औषध नाही. डॉक्टर बिचारे कंपनीकडून फुकट आलेल्या नमुन्याच्या त्याच गोळ्या देऊन वेळ मारून नेत होते.

असल्या अटीला बंदी घालणारा कायदा राज्यात येऊ घातला होता. तो मांडणाऱ्या आमदार हॅलोरनबाई घरी आल्या, लोरेनच्या हातचा पीच फळाचा केक मागून घेऊन खाल्ला आणि टेसाला विधानसभेत बोलायला घेऊन गेल्या. पोरीनं परक्या माणसांसमोर सगळं सांगितलं, आकडीत कपड्यात लघवी होते तेसुद्धा. माणसं डोळे पुसत होती. कायदा झाला.

तो लागू झाल्यावर लोरेन ऐटीत औषधाच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या माणसानं कॉम्प्युटरकडे बघून मान हलवली. नामंजूर.

फोन केला तर विमा कंपनीनं गोड आवाजात समजावलं. कार्डावर नाव आमचं असलं तरी उपचारांचे पैसे तुमचा नवरा नोकरी करतो तो कारखाना स्वतःच्या खिशातून भरतो, आम्ही नुसते कागद हलवतो. अशा कारखान्यांना राज्याचा हा कायदा लागू होत नाही, ते वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, अखत्यारीत येतात. कार्डावरचं ठळक नाव वाचून आम्ही सगळेच गाढव बनलो होतो.

मग मी हॅलोरनबाईंना गाठलं. त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

"मग आमच्या पोरीला कशाला नाचवलंत?"

"अहो, तिची गोष्ट मनाला भिडते," त्या म्हणाल्या. "आणि इतरांचं भलं झालंच ना?"

झालं असेल. मला किळस आली ती त्या आवाजातल्या समाधानाची.

नमुन्याच्या गोळ्या संपल्या आणि टेसानं स्वस्तातली गोळी सुरू केली. एका सकाळी ती स्वयंपाकघरात कोसळली. हनुवटी फाटली, जीभ दाताखाली आली. डॉक्टरांनी कळवताच विमावाल्यांनी महागडी गोळी ताबडतोब मंजूर केली, वर तब्येतीला शुभेच्छा. पण आकडी आली की कायद्यानं कित्येक महिने गाडी चालवायची नाही, आणि आमच्या गावात बसचा पत्ता नाही. कॉलेज बुडालं.

टाके निघायच्या आत हॅलोरनबाईंचा फोन. निवडणुकीची सभा आहे, टेसानं दोन शब्द बोलावेत. लोरेन संतापानं फोन आपटायलाच निघाली. टेसानं तिच्या हातातून फोन घेतला.

"येईन ना," ती जड जिभेनं म्हणाली. "पण न्यायला तुम्हीच या. माझं लायसन्स गेलंय."

का गं, काय झालं, असं बाईंनी विचारलं.

"आकडी आली," टेसा म्हणाली. "आता गोष्ट आणखी भिडेल."