दामाचं कार्ड

दाम करी काम म्हणतात. आमच्या शब्दकोशाचं काम मात्र गेली चार वर्षं दामानेच अडवून ठेवलं होतं. 'द'चे बाकीचे सगळे शब्द छापायला तयार, आणि या एका शब्दाचं कार्ड संपादक सरांच्या खणात कुलूपबंद.

छापखान्याचा माणूस सकाळपासून समोर बसून होता. आज पानं मिळाली नाहीत तर यंत्र दुसऱ्या कामाला जाणार, मग थेट पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी सरांना छापलेलं पान दिसणार नव्हतं, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही सांगितलं होतं. ज्याच्यासाठी माणूस तीस वर्षं झिजला तो खंड त्याने निदान एकदा स्वतः वाचावा, एवढंच मला हवं होतं. आणि हा गृहस्थ ढिम्म.

"सर, दाम म्हणजे मूळचा द्रम्म, तो ग्रीकांच्या नाण्यावरून आला. सगळ्या कोशांत छापलंय."

"नाण्याचा अर्थ जाऊन किमतीचा कसा आला, ते दाखवणारं वाक्य फक्त आपल्याकडे आहे. कुठल्या कागदातलं, ते लिहिलेलं नाही."

"मग गाळा ते वाक्य."

"शोधतोय."

आमच्याकडे नियमच तसा. कार्डावर वाक्य, खाली कागदाचं ठिकाण, कोपऱ्यात लिहिणाऱ्याची सही. ठिकाण नसेल तर कार्ड केराच्या टोपलीत. माझी शंभरएक कार्डं त्यांनी माझ्यादेखत फाडली होती, तेव्हा दयामाया नव्हती. मग याच कार्डाचे एवढे लाड कशाला? माझं डोकंच फिरलं. टेबलावरची किल्ली उचलली आणि खण उघडला.

कार्ड पिवळं पडलं होतं. असं वाक्य कोशाचं काम करणाऱ्याला जन्मात एकदा सापडतं. त्याखालची ठिकाणाची ओळ कोरी. कोपऱ्यातली सही माझी, तारीख माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली.

"जुन्या कागदांच्या कुठल्या गाठोड्यातलं, आठवतंय का बाई?" सरांनी विचारलं. "दोनशे बारा पाहून झाली. भिंग घेऊन. अडतीस राहिलीत."

मला काहीच आठवत नव्हतं.

"चार वर्षांत एकदा सांगायचं होतंत मला," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"सांगितलं असतं, तर तुम्ही ते फाडलं असतंत."

मी फाडलं. मग पानावर त्या वाक्यासाठी सोडलेली जागा लाल शाईने खोडली आणि पानं छापखान्याच्या माणसाच्या हातात दिली.